पगारपत्रकामागचा इतिहास: गिरणीतल्या बदली कार्डापासून सेवार्थपर्यंत

महाराष्ट्र शासनाच्या कोणत्याही कार्यालयात महिनाअखेर जवळ आली की आस्थापना शाखेतला लिपिक सेवार्थ ही पगाराची संगणकप्रणाली उघडून बसतो. कोणाची बिनपगारी रजा, कोणाचं अग्रिम, बदलून आलेला शिपाई, वाढलेला महागाई भत्ता अशा नोंदी एकदा केल्या की पगार, भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि गटविम्याचे आकडे एकदमच तयार होतात. बिल आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून कोषागारात जातं आणि रक्कम थेट बँक खात्यात पडते. खासगी कंपन्यांतल्या एचआर सॉफ्टवेअरमध्ये भरती, हजेरी आणि कामाचं मूल्यमापनही त्याच साखळीत असतं. हा इतिहास मात्र संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: नोकरी करणाऱ्याची नोंद कोणाच्या ताब्यात?

मुंबईच्या गिरणगावात दीर्घकाळ ती जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, ताब्यात होती. खात्यात कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, गावाहून उशिरा परतलेल्याला परत उभं करायचं की नाही, हे तोच ठरवायचा. नोकरी मिळवायला आणि टिकवायला त्याला दस्तुरी द्यावी लागे. भारतातल्या कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली आयोगाने, १९३१च्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवलं आणि भरतीचं काम जॉबरकडून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावं, असं सुचवलं. आजच्या एचआर विभागाचा एक पूर्वज हा कामगार अधिकारी.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना बदली कार्डं द्यायची, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं आणि गैरहजर कामगारांच्या जागी त्यांनाच घ्यायचं, अशी ती पद्धत. जॉबरचं वजन त्यामुळे एका फटक्यात संपलं नाही. तरीही रोजगाराचा हक्क एका माणसाच्या मर्जीऐवजी एका कागदावर येणं, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी पायरी वाटते. पुढची यंत्रं त्या कागदाचीच कामं करत आली.

मग कायदे आले. १९३६चा वेतन प्रदान अधिनियम पगार कधी द्यायचा आणि त्यातून काय कापता येतं हे ठरवणारा. १९४८ मध्ये कारखाने अधिनियम आणि राज्य कामगार विमा अधिनियम, १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा. प्रत्येकाने कामगाराला काहीतरी दिलं आणि प्रत्येकाने कचेरीत नवं रजिस्टर आणलं. तेच नाव, तीच हजेरी, तोच पगार वेगवेगळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा उतरवायचा. हा गुंता किती वाढला होता, ते २०१७च्या केंद्राच्या नियमांवरून कळतं: नऊ केंद्रीय कामगार कायद्यांखालची ५६ रजिस्टरं आणि नमुने एकत्र करून त्यांची पाच रजिस्टरं केली गेली.

तिकडे ब्रिटनमध्ये जे. लायन्स या चहा आणि बेकरीच्या कंपनीने स्वतःच्या कचेरीसाठी लिओ नावाचा संगणक बांधला होता. १९५४ पासून तिने कर्मचाऱ्यांचा पगार त्यावर काढायला घेतला. एका माणसाच्या पगाराचा हिशोब करायला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद. त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लुईव्हिलच्या कारखान्यात युनिव्हॅक संगणकावर पहिल्यांदा घेतलेलं कामही पगाराचंच. यात आश्चर्य नाही. पगाराचे नियम ठरलेले, काम दर महिन्याला तेच, आणि तारीख चुकवून चालत नाही.

१९७२ मध्ये जर्मनीत आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक आयसीआय या रसायन कंपनीचा तिथला कारखाना, आणि कामं लेखा व पगाराची. कचेरीतले विभाग एकाच माहितीवर चालावेत, हा विचार तिथून पुढे गेला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या पीपलसॉफ्टने मनुष्यबळ विभागालाच केंद्रस्थानी ठेवून सॉफ्टवेअर केलं. २००५ च्या सुरुवातीला ती कंपनी ओरॅकलकडे गेली आणि तिचे संस्थापक डेव्ह डफिल्ड यांनी अनिल भुसरी यांच्यासोबत त्याच वर्षी वर्कडे काढली. तिचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून इंटरनेटवरून वापरायचं.

आपल्याकडे संगणकाला सुरुवातीला कडाडून विरोध झाला. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हटल्यावर कर्मचारी रस्त्यावर उतरले. कारकुनी नोकरी हाच मध्यमवर्गीय घरांचा आधार होता, त्यामुळे ती भीती पोकळ नव्हती. केंद्राने स्वयंचलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर होते, तिचा अहवाल १९७२चा. बँकांमध्ये तर १९८३ मध्ये संघटनांशी करार झाल्यावरच यांत्रिकीकरणाची वाट मोकळी झाली.

सरकारी नोकरीत तोवर सगळा भार सेवापुस्तकावर. पहिल्या पानावर जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, उंची, ओळखीच्या खुणा, बोटांचे ठसे. पुढे वेतननिश्चिती, रजेचा हिशोब, दरवर्षीची सेवा पडताळणी, आणि प्रत्येक नोंदीखाली कार्यालयप्रमुखाची सही. वेतन आयोग लागू झाला की पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जायचं. एका वर्षाची पडताळणी राहिली किंवा बदलीच्या ठिकाणी पुस्तक वेळेत पोहोचलं नाही, तर त्याचा त्रास निवृत्तीच्या वेळी, महालेखापालांकडे पेन्शनचं प्रकरण पाठवताना व्हायचा. म्हणून जाणते लोक दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, घरी जिवापाड जपत.

नोंद हाताशी नसली तर काय होतं, ते गिरणी कामगारांनी भोगलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पुढे घरांची योजना आली, ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांसाठी. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. मग तिकीट नंबर, पीएफ नंबर, विम्याचं कार्ड, हजेरीचं कार्ड, पगाराची पावती यांचा शोध सुरू झाला. आयुष्यभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहिलेल्या माणसाला आपण तिथे होतो हे सिद्ध करावं लागलं.

या पार्श्वभूमीवर पाहिलं तर २०१४ मध्ये आलेल्या यूएएनचं, म्हणजे पीएफच्या कायमस्वरूपी एकाच खाते क्रमांकाचं, महत्त्व कळतं. त्याआधी दर नोकरीत नवा पीएफ क्रमांक मिळायचा आणि जुने पैसे वळवायला नमुना १३ भरून दोन्ही मालकांच्या दारात जावं लागायचं. बारा अंकी यूएएन कामगाराबरोबर चालतो. तरी नोकरी सोडल्याची तारीख भरणं मालकाच्याच हाती होतं, आणि ती भरली नाही की पैसे अडकायचे. २०२० पासून ती तारीख कर्मचाऱ्याला स्वतः भरता येते. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा एका रकान्याचा बदल. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना विचारा, तो किती मोठा आहे. त्याच वर्षी रेल्वेनेही एचआरएमएस ही मनुष्यबळाची प्रणाली सुरू करून पास आणि सेवेच्या नोंदी ऑनलाइन केल्या.

सेवार्थ २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. अनुदानित शाळांसाठी त्याच धर्तीवर शालार्थ झालं आणि शिक्षकांच्या पगाराला शिस्त आली. पण २०२५ मध्ये नागपूर विभागातला बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा उघड झाला. खोट्या नेमणुका दाखवून आयडी काढले गेले आणि पगार निघत राहिले. शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. प्रणालीने आपलं काम चोख केलं होतं: आयडी आहे, म्हणजे पगार द्यायचा. आयडी देणारा हात तपासायची सोय तिच्यात नव्हती. भरतीचे, मान्यतेचे आणि पगाराचे कागद वेगवेगळ्या कपाटांत राहिले, तर पगाराच्या टोकाला कितीही चांगलं सॉफ्टवेअर लावून ही फट बुजत नाही. त्यानंतर शासनाने २०१२ पासून नेमलेल्या शिक्षकांचे नेमणूक आदेश, मान्यतेची पत्रं आणि रुजू अहवाल शालार्थवर चढवायला सांगितले. ही कागदपत्रं पहिल्याच दिवशी आयडीला जोडलेली असायला हवी होती. आता प्रामाणिक शिक्षकांनाही दहा-बारा वर्षांपूर्वीचे आदेश शोधून स्कॅन करावे लागले.