आयजीए वृक्कविकार

आयजीए वृक्कविकार : (बर्जर रोग). मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या केशिकागुच्छांच्या आधार-ऊतकात आयजीए (इम्युनोग्लोब्युलिन ए) ही प्रतिपिंडे साचल्याने होणारा दीर्घकालीन विकार. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातील झाँ बर्जर आणि निकोल एंग्ले यांनी १९६८ मध्ये प्रतिदीप्ती तंत्राने (चमकणारे रंजक जोडलेल्या प्रतिपिंडांनी ऊतक तपासून) तो ओळखला. घसा धरल्यावर एक-दोन दिवसांतच लघवीतून रक्त जाणे हे त्याचे परिचित लक्षण होय. स्ट्रेप्टोकॉकसजन्य वृक्कशोथात हे अंतर सामान्यतः एक ते तीन आठवड्यांचे असते.

या विकारात आयजीए१ (आयजीएचा एक उपप्रकार) रेणूच्या बिजागरी भागातील शर्करा-साखळ्यांत गॅलॅक्टोज कमी पडते. अशा रेणूंविरुद्ध शरीर स्वप्रतिपिंडे (स्वतःच्याच रेणूंवर चालून जाणारी प्रतिपिंडे) तयार करते आणि त्यातून बनणारी संकुले मूत्रपिंडात अडकतात, ही उपपत्ती आज बहुतेकांना मान्य आहे. मात्र केवळ साचणे म्हणजे रोग नव्हे. जपानमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रत्यारोपणासाठी दान केलेल्या सुमारे १६ टक्के मूत्रपिंडांत आयजीएचे साठे आढळले होते. त्यामुळे साठ्यांचे रूपांतर इजेत कशाने होते, हाच कळीचा प्रश्न ठरतो आणि तेथे पूरक प्रथिनांचा, म्हणजे रक्तातील साखळीने सक्रिय होणाऱ्या संरक्षक प्रथिनांचा, संबंध येतो. ही प्रथिने अभिजात, पर्यायी आणि लेक्टिन अशा तीन मार्गांनी सक्रिय होतात.

बायोप्सीत आयजीएसोबत बहुधा सी३ हे पूरक प्रथिन दिसते, पण अभिजात मार्गाची सुरुवात करणारे सी१क्यू सहसा दिसत नाही. यावरून अभिजात मार्गाचा वाटा नगण्य असावा, असे अनुमान निघते. पर्यायी मार्गाला बळ देणाऱ्या प्रॉपर्डिन या प्रथिनाची उपस्थिती त्या मार्गाकडे बोट दाखवते. जनुकीय पुरावाही त्याच दिशेचा आहे : पर्यायी मार्गाला आवर घालणाऱ्या एच घटकाशी संबंधित १ व ३ या जनुकांचा (त्यांची प्रथिने एच घटकाच्या कामात अडथळा आणतात) लोप असलेल्या व्यक्तींत हा विकार कमी आढळतो. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत लेक्टिन मार्गाच्या खुणाही सापडल्या असून त्यांच्यात इजा अधिक तीव्र दिसते. हे दोन मार्ग परस्परविरोधी मानण्यापेक्षा पर्यायी मार्ग मूळचा आणि लेक्टिन मार्ग काही रुग्णांत भर घालणारा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. रक्तातील सी३ची पातळी मात्र बहुधा प्राकृत राहते. म्हणून केवळ रक्त तपासून मूत्रपिंडातील ही प्रक्रिया नाकारता येत नाही.

ऊतकातील बदलांची प्रतवारी २००९ च्या ऑक्सफर्ड वर्गीकरणानुसार करतात. रक्तदाब व लघवीतून जाणारी प्रथिने आटोक्यात ठेवणे हा उपचारांचा पाया आहे. पर्यायी मार्गातील बी घटकाला रोखणाऱ्या इप्टाकोपान या औषधाला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये त्वरित मान्यता (अंतरिम निकषावर दिली जाणारी मान्यता) मिळाली. लघवीतील प्रथिनांत झालेली घट हा तिचा आधार होता.