परतीच्या गाडीचे बैल

व्हॉट्सॲपवर एक छोटी चित्रफीत अधूनमधून फिरून येते. एका दांडीवरून दोन पायांचं कुणीतरी, डोक्यावर स्वतःच्या कितीतरी पट मोठा फुगा घेऊन, डुलत डुलत चाललेलं असतं. खाली लिहिलेलं असतं, ‘आनंद होतो तेव्हा मेंदूत हे घडतं’. आनंदाचं सोडून द्या, ते कुणीतरी मागून चिकटवलंय. चालणारा मात्र खरा आहे. त्याचं नाव किनेसिन. तो प्रथिनाचा एक रेणू आहे आणि ओझी वाहणं हाच त्याचा धंदा.

एवढी ओझी कशाला? पायाचा अंगठा हलवणारी एखादी चेतापेशी घ्या. तिचं धड कंबरेच्या जरा वर, मज्जारज्जूत, फार तर केसाच्या जाडीएवढं. पण तिथून निघालेला तिचा ॲक्झॉन, म्हणजे लांबलचक शेपूट, तळपायापर्यंत जातो. जवळजवळ एक मीटर. प्रथिनं बनतात बहुतेक धडात, हवी असतात पार टोकाला. पाण्यात शाई पसरते तशी ती आपोआप पोचतील म्हणावं, तर पसरण्याचा हिशेब विचित्र आहे: अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. मीटरभर जायला शेकडो वर्षं लागतील. प्रत्यक्षात तातडीचा माल दिवसाला 200 ते 400 मिलिमीटर जातो, म्हणजे तीन-चार दिवसांत पोच.

आत काहीतरी वाहतं आहे हे 1948 मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी साध्याच युक्तीने दाखवलं. त्यांनी नस एका जागी आवळली. ओढ्याला बांध घातल्यावर वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तसे तंतू धडाच्या बाजूला फुगले. पण माल ओढतं कोण, हे कळायला आणखी पस्तीसेक वर्षं आणि एक स्क्विड, म्हणजे माकूळ हा समुद्री प्राणी, लागला. स्क्विडचा ॲक्झॉन जवळपास मिलिमीटरभर जाड असतो. टूथपेस्टच्या ट्यूबसारखा दाबून आतला ऐवज बाहेर काढता येतो. 1983 मध्ये स्टॅनफर्डमध्ये काम करणाऱ्या रॉन व्हेल आणि मायकेल शीट्झ यांना हेच करायचं होतं, पण त्या वर्षीच्या एल निनोमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्विड मिळेनात. मग ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलला गेले. तिथे थॉमस रीस यांच्या साथीने काम झालं आणि 1985 मध्ये किनेसिन वेगळं करून त्याचं बारसंही उरकलं. ग्रीकमधला ‘हलणे’ त्या नावात आहे.

किनेसिन चालतं ते सूक्ष्मनलिकेवरून. ही 25 नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी, पेशीतला रूळच. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च, सेकंदाला शंभरेक पावलं. चित्रफितीत न दिसणारी गोष्ट अशी की शंभरेक पावलांनंतर, म्हणजे सेकंदाभरात, एकटं किनेसिन रुळावरून सुटतं. मीटरभर माल नेणं एकट्याचं काम नव्हेच.

वुड्स होलला दिसलेली आणखी एक गोष्ट मला जास्त आवडते: एकाच नळीवरून कण दोन्ही दिशांना जात होते. किनेसिन धडाकडून टोकाकडे जातं. उलटी खेप करतं ते डायनीन, तसंच ओझी वाहणारं दुसरं प्रथिन. अशा प्रथिनांना मोटारी म्हणतात. एकाच ओझ्याला बऱ्याचदा दोघंही जुंपलेले असतात, म्हणजे रस्सीखेच आलीच. आणि डायनीन अशक्त. किनेसिनचा जोर पाच-सहा पिकोन्यूटन, डायनीनचा जेमतेम एक-दीड. तरीही परतीचा माल व्यवस्थित परततो.

याचं उत्तर शोधण्यात मुंबईचा वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने उंदराच्या भक्षकपेशींना लॅटेक्सचे बारीक मणी खायला घातले. पेशीने गिळलेला मणी हेच ओझं. तो लेझरच्या चिमट्यात धरायचा आणि मोटारी त्याला किती जोराने ओढतात ते, जिवंत पेशीत, मोजायचं. त्याआधी 2004 मध्ये मल्लिक यांनी अमेरिकेत काम करताना दाखवलं होतं की ओझं वाढलं की डायनीन पाऊल आखूड करतं, घाटात ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो तसं. 2013 च्या कामातून या गिअरचा खरा उपयोग पुढे आला. पुढच्या डायनीनवर भार जास्त, म्हणून ते आखूड पावलं टाकतं. मागच्यांवर भार कमी, ती लांब टांगा टाकत त्याला गाठतात. सगळी एका जागी गोळा होतात आणि भार वाटून घेतात. शिवाय ताण आला की डायनीन नळीला अधिक घट्ट धरतं. किनेसिन एकट्याने दांडगं, पण त्याला अशी वाटणी जमत नाही.

ही परतीची गाडी फुकट्या प्रवाशांनाही घेते. धनुर्वाताचं विष तिनेच वर जातं. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर रेबीजचा विषाणू स्नायूतून चेतातंतूच्या टोकात शिरतो आणि डायनीनच्या आधाराने मज्जारज्जूकडे निघतो. आजार दिसायला बहुधा काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात, आणि लसीला याच मुदतीत काम उरकावं लागतं. चेहऱ्यावरचा चावा पायावरच्यापेक्षा जास्त धोक्याचा मानतात, त्यामागे हेही एक कारण: मेंदूपर्यंतची वाट आखूड. मेंदूत वाढल्यावर विषाणू उलट दिशेने, पुन्हा चेतातंतूंमधूनच, लाळग्रंथींकडे जातो. पुढच्या चाव्यासाठी.