उत्तर युरोपातील उंट (रोमन व आद्य मध्ययुगीन काळ)

रोमन साम्राज्याच्या उत्तरेकडील प्रांतांत उंट पोहोचले होते, याचा पुरावा मुख्यतः हाडांचा आहे. हाडे मोजकी, पण ठिकाणे दूरदूरची: लंडनचे ग्रिनिच पार्क, बेल्जियममधील आर्लाँ, स्वित्झर्लंडमधील विंडोनिसाची लष्करी छावणी. गुराढोरांच्या हाडांत उंट ओळखू येतो तो पायाच्या नळीवरून. तिची खालची दोन टोके बैलाच्या नळीसारखी लगत नसतात, फाकलेली असतात. उंट एका मदारीचा की दोन मदारींचा, हे मात्र एकट्यादुकट्या हाडावरून ठरवणे अवघड; त्यात दोघांचा संकरही होत असे.

आखाड्यातल्या खेळांसाठी उंट आणले जात, हे खरे. पण छावण्या आणि हमरस्त्यांलगतच्या वस्त्यांत सापडलेल्या हाडांचा उलगडा ओझ्याच्या जनावराने अधिक चांगला होतो. सम्राट डायोक्लेशनच्या 301 सालच्या दरपत्रकात 1200 रोमन रत्तलांच्या गाडीचे भाडे मैलाला 20 दिनार आहे, तर 600 रत्तल (सुमारे 196 किलो) वाहणाऱ्या उंटाचे 8. म्हणजे तेवढाच माल दोन उंटांवर 16 दिनारांत जाई. रोमन सैन्यात सांडणीस्वारांच्या तुकड्याही होत्या, पण त्या पूर्वेकडच्या वाळवंटी सरहद्दीवर.

रोमन सत्ता गेल्यावरही फ्रँक राजांच्या गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) उंट दिसतात. तूरचा बिशप आणि इतिहासकार ग्रेगरी 585 च्या हकिगतीत सांगतो, की तोतया राजपुत्र गुंडोवाल्डचा पाठलाग करणाऱ्या सैन्याला वाटेत सोन्याचांदीने लादलेले उंट सापडले. उंट म्हणजे काय, हे सांगण्याची गरज त्याला वाटत नाही. 613 मध्ये फ्रँक राजा दुसऱ्या क्लोथारने वृद्ध राणी ब्रुनहिल्डचे तीन दिवस हाल केले आणि उंटावर बसवून सगळ्या सैन्यातून तिची धिंड काढली. मग तिला घोड्याच्या शेपटीला बांधून मारले. आपल्याकडे धिंडीला गाढव लागते. फ्रँकांच्या छावणीत त्या दिवशी उंट हाताशी होता.

पुढे उंट नजराण्यात जमा झाला. 986 मध्ये पोलंडचा राज्यकर्ता मिएश्को याने जर्मनीचा बालराजा तिसऱ्या ऑटोला एक उंट भेट दिला. स्कॉटलंडच्या राजाकडून आयर्लंडचा राजा मुर्खेर्ताख उआ ब्रिएन याच्याकडे उंट आल्याची नोंद 1105 ची आहे, आणि तिथला बखरकार त्याच्या प्रचंड आकाराचे नवल आवर्जून नोंदवतो.