संवादी कथेच्या पडद्याआडचा माणूस

खेळणाऱ्याच्या निर्णयानुसार वळण घेणाऱ्या संवादी डिजिटल कथेत पहिली अडचण गणिताची येते. प्रत्येक टप्प्यावर दोनच पर्याय ठेवले, तरी दहाव्या टप्प्याअखेर १०२४ वाटा होतात आणि त्या सगळ्या लिहिणे लेखकाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून फुटलेल्या वाटा पुन्हा एकत्र आणल्या जातात. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात दाखवलेल्या ‘किनोऑटोमॅट’ या चेकोस्लोव्हाक चित्रपटात प्रेक्षक बटणे दाबून पुढचा प्रसंग निवडत. मात्र कौल कोणताही लागला, तरी कथा पुढच्या प्रश्नापाशी एकाच जागी पोहोचत असे.

मग निवडीला अर्थ कशाने येतो? समजा, मालवणच्या रापणकरांवर, म्हणजे रापण हे मोठे जाळे किनाऱ्यावरून मिळून ओढणाऱ्या मच्छीमारांवर, अशी कथा रचली आहे आणि पहाटे रापण ओढायला जावे की तापलेल्या आईजवळ थांबावे, असा पेच नायकापुढे आहे. दोन्ही वाटा मासळीच्या वाटणीपाशी येऊन मिळतात. ‘गेला नव्हता’ एवढीच नोंद संगणकाकडे असते. वाटणी करणाऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवावी, की “आवशीक आता बरा वाटता मां?” असे विचारत त्याच्या पाटीत चार बांगडे टाकावेत, हे त्या किनाऱ्यावरची माणसे ओळखणारा लेखकच ठरवू शकतो.

सिंधुदुर्गातल्या दशावतारी नटांना ही जाण परंपरेनेच मिळालेली आहे. आख्यान ठरलेले असते, शेवटही ठाऊक असतो, पण संवाद लिहिलेले नसतात. सहनटाचे बोलणे आणि प्रेक्षकांचा रंग पाहून ते रंगमंचावरच घडतात. २००५ साली मायकेल मटीअस व अँड्र्यू स्टर्न यांनी ‘फसाड’ (Façade) या संवादी नाट्यात पुढचा प्रसंग निवडण्याचे काम संगणकावर सोपवले, तरी ते प्रसंग लिहिले माणसांनीच.

संगणकप्रणाली तयार होण्याआधीही अशा रचनेची चाचणी घेता येते. आडोशाला बसलेला माणूस संगणकाच्या नावाने उत्तरे देतो, आणि खेळणारा कुठे अडखळतो, कोणते अनपेक्षित वाक्य टाइप करतो, हे टिपले जाते. रापणीच्या कथेसाठी त्या जागी दशावतारी नटच बसवावा, असे मला मनापासून वाटते. समोर मात्र मुंबईचा विद्यार्थी आणि रापणकर असे दोघेही हवेत. न आलेल्याला वाटा द्यावा का, यावर दोघांची उत्तरे वेगळी येण्याचा संभव आहे, आणि कथेत दोन्हींना जागा ठेवावी लागेल.