पार्श्वभूमी : सुळे आधी, की सहाही दात एकदम?

पुढे आलेले दात आत घ्यायचे तर बहुधा सुळे आणि दाढा यांच्यामधल्या चार उपदाढा काढाव्या लागतात, हे मुंबईत तारा लावणाऱ्यांच्या घरी एव्हाना ठाऊक झाले आहे. एक उपदाढ काढली की सुमारे ७ मिमी जागा मिळते. ती कशी वापरायची, म्हणजे आधी सुळे मागे न्यायचे की दोन सुळे आणि चार पटाशीचे असे सहाही दात एकदम, याचे उत्तर मात्र दवाखान्यागणिक बदलते.

दात काढावेत का, यावर १९११ मध्ये अमेरिकेत जाहीर खडाजंगी झाली. नंतरची दोन-तीन दशके ‘काढू नका’ म्हणणाऱ्यांचेच चालले. १९४० च्या दशकात त्याच परंपरेत तयार झालेल्यांनी दात काढायला घेतले.

मग अडचण आली आधाराची. दाढांना अडकवून पुढचे दात ओढले की दाढाही पुढे सरकतात आणि तेवढी जागा फुकट जाते. म्हणून आधी फक्त सुळे मागे न्यायचे, मग दाढा-सुळ्यांच्या बळावर चार पटाशीचे दात ओढायचे, अशी दोन टप्प्यांची रीत रुळली. हिशेब कागदावर चोख दिसतो. पण दाढांवर ओढ एकदा नव्हे, दोनदा बसते, याकडे फारसे कुणी पाहिले नाही. शिवाय सुळा मागे गेला की पटाशीच्या दातांशेजारी फट दिसते, आणि ती कित्येक महिने मिरवावी लागते. जोडीला दाढा मागे धरून ठेवायला डोक्यावरून बांधायचा पट्टा होता. दमट मुंबईत एखाद्या पोराने तो रोज बारा-चौदा तास घालावा ही अपेक्षा भाबडीच.

१९७० च्या दशकात दाताचा कोन आधीच बसवलेले ब्रॅकेट (दातावर चिकटवायचे, तार धरणारे तुकडे) आले, तारेवरून दात सरकवणे सोपे झाले आणि सहाही दात एकदम ओढण्याची पद्धत पसरली. तरीही दाढा काही जास्त पुढे सरकत नाहीत, असे दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसले. २०१९ च्या एका तुलनेत तर दोन टप्प्यांना जागा मिटवायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. तरी जुनी रीत सवयीने चालूच आहे. पुढे फार दाटी असेल तर सुळा थोडा आधी हलवावाच लागतो, तेवढे तिचे समर्थन खरे.

१९९७ मध्ये जपानमधून जेमतेम १.२ मिमी जाडीच्या स्क्रूची माहिती आली. उपदाढ आणि दाढेच्या मुळांमधल्या हाडात तो बसवला की ओढ हाडावर जाते, दाढा जागच्या जागी राहतात. काही स्क्रू सैल होतात, ते पुन्हा बसवावे लागतात. पारदर्शक अलाइनरने, म्हणजे दातांवर चढवायच्या साच्यांनी, हेच काम करताना दात मुळासकट मागे येण्याऐवजी नुसते आत कलतात, म्हणून चार उपदाढा काढलेल्या रुग्णांना आजही अनेक डॉक्टर तारेकडेच वळवतात.