शोधयंत्र अनुकूलन

गूगलसारख्या शोधयंत्राला काही विचारल्यावर येणाऱ्या निकालांत आपले संकेतस्थळ वरच्या क्रमांकावर दिसावे, यासाठी केलेल्या खटाटोपाला शोधयंत्र अनुकूलन म्हणतात. धंद्यातली माणसे नुसते ‘एसईओ’ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द रुळला आहे. पैसे मोजून मिळणारी जाहिरातीची जागा यात धरत नाहीत; जाहिरातींखेरीज जे ‘ऑरगॅनिक’ निकाल दिसतात, त्यांतल्या क्रमांकासाठी ही चढाओढ असते. शोधणारा सहसा पहिल्या काही निकालांतच थांबतो, म्हणून विसाव्या क्रमांकाला व्यवहारात फारशी किंमत नाही.

शोधयंत्राचा क्रॉलर, म्हणजे वेबवर फिरणारा प्रोग्राम, दुव्यांवरून दुव्यांवर जात पाने वाचतो, वाचलेल्याची सूची तयार होते आणि प्रश्न आला की सूचीतल्या पानांचा क्रम लागतो. पाने वाचून सूचीत येईपर्यंतची तजवीज ही साधी कारागिरी आहे. कोणती पाने वाचू नयेत हे क्रॉलरला सांगणारी रोबॉट्स फाइल मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली. ती आजही चालते. साइटमॅप म्हणजे आपल्या पानांच्या पत्त्यांची क्रॉलरला दिलेली यादी; तिच्या एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात. पानाला नेमके शीर्षक असावे, ते मोबाइलवर नीट वाचता यावे, त्यातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशा अपेक्षा जगजाहीर आहेत. एवढे केल्याने पान पंगतीत बसते; मानाचे पान मिळेलच असे नाही.

खरा झगडा क्रमाचा. पानाची लायकी यंत्राला थेट कळत नाही, ती कशावरून तरी ताडावी लागते. आणि ते ‘कशावरून’ एकदा लोकांना कळले की त्याची नक्कल सुरू होते. एसईओचा इतिहास बराचसा या नकलांचा इतिहास आहे.

अल्टाव्हिस्टा १९९५ च्या डिसेंबरात सुरू झाले, त्या काळातली शोधयंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. तेव्हा तोच शब्द शंभरदा लिहिणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत मजकूर दडवणे, ‘कीवर्ड्स’ या मेटा टॅगमध्ये (वाचकाला न दिसणाऱ्या, यंत्रासाठीच्या नोंदीत) विषयाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द कोंबणे असे प्रकार सर्रास चालत. क्रम लावताना या टॅगकडे आपण पाहतच नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. तरीही तो भरून देणारे आणि त्याचे बिल लावणारे आजही भेटतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी निराळी वाट धरली. शोधनिबंधाचे वजन त्याचे संदर्भ किती जणांनी दिले यावरून ठरवण्याची विद्वानांची जुनी रीत त्यांनी वेबला लावली. त्यांच्या पेजरँक पद्धतीत प्रत्येक दुवा म्हणजे एक मत. पण वजनदार पानाने दिलेले मत अधिक मोलाचे, आणि एकाच पानाने अनेकांना मते दिली तर ते मोल वाटले जाते. यामागची कल्पना सोपी आहे. एक भटक्या वाचक दिसेल त्या दुव्यावर जात राहतो आणि अधूनमधून कंटाळून भलतेच पान उघडतो. तो एखाद्या पानावर सापडण्याची शक्यता म्हणजे त्या पानाचा पेजरँक. त्याने दुव्यांवरूनच पुढे जाण्याची शक्यता १९९८ च्या निबंधात सहसा ०.८५ धरली आहे.

मग दुव्यांचाच बाजार मांडला गेला. एकमेकांना दुवे देणाऱ्या संकेतस्थळांची जाळी उभी राहिली, दुवे विकले जाऊ लागले, लोकांच्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांत जाहिरातींचे दुवे चिकटवले जाऊ लागले. त्यावर उतारा म्हणून २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ती लावलेला दुवा मत म्हणून धरायचा नाही, असा संकेत ठरला.

दुव्यातल्या शब्दांनाही वजन होते, हे थट्टेखोरांनी दाखवून दिले. २००३ मध्ये अनेकांनी ठरवून ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसवरच्या परिचयाला दुवे दिले. ते शब्द त्या पानावर कुठेच नव्हते, तरी त्यांच्या शोधात ते पान पहिले येऊ लागले. अशा थट्टेला ‘गूगल बॉम्ब’ म्हणत. गूगलने या ‘बॉम्बां’वर आपल्या गणितात तोड काढली ती २००७ मध्ये.

शिक्षाही झाल्या. क्रॉलरला एक आणि माणसाला दुसरे दाखवणारी पाने सापडल्यामुळे २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ काही दिवस गूगलच्या सूचीबाहेर गेले. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत आलेल्या पांडा या बदलाने उथळ, घाऊक मजकुराला खाली ढकलले. २०१२ च्या एप्रिलमधील पेंग्विन या बदलाचा रोख विकतच्या दुव्यांवर होता. नियम पाळणाऱ्या कामाला धंद्यात ‘व्हाइट हॅट’ आणि नियम मोडणाऱ्याला ‘ब्लॅक हॅट’ म्हणतात, पण ही विभागणी दिसते तितकी स्वच्छ नाही. नियम करणारी कंपनी जाहिरातीची जागाही स्वतःच विकते, आणि काल चालणारी युक्ती आज गुन्हा ठरते. पहिल्या क्रमांकाची हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही. ती देणाऱ्यापासून सावध राहा, असे गूगलही सांगते.

मराठी पानांची अडचण बराच काळ याच्याही आधीची होती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी सामाईक पद्धत, रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या फाँटांत असत. वाचकाला देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरांची चिन्हे. क्रॉलरच्या दृष्टीने तो मजकूर म्हणजे निव्वळ गिचमीड. तो मराठी शब्दाने सापडणार तरी कसा?

युनिकोडनेही सगळे सुटले नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ते एकच आहेत हे त्याला शिकवावे लागते. ‘ॲप’मधल्या ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्याआधीची पाने अ वर चंद्र ठेवून लिहिलेली आहेत. त्यात ऱ्हस्वदीर्घाचे घोळ, ‘संबंध’ की ‘सम्बन्ध’ हा पर्याय, आणि पुणे या शब्दाचे पुण्यात, पुण्याहून, पुणेकर असे बदलते रूप. शब्द जुळवण्यावर बेतलेल्या यंत्राला विभक्ती चांगलीच जड जाते. देवनागरी पत्त्यांची गंमत आणखी वेगळी: यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे पत्ता कॉपी करताना तो टक्केचिन्हांत बदलला तर एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात आणि दोन शब्दांचा पत्ता ओळभर लांबतो.

शिवाय मराठी माणूस मराठीतच टाइप करतो असे नाही. पुरणपोळीची कृती हवी असली तरी अनेक जण रोमन लिपीत लिहून पुढे ‘इन मराठी’ जोडतात. हे ओळखून लिहिणाऱ्यांनी आपल्या शीर्षकांना ‘माहिती मराठी’, ‘इन्फर्मेशन इन मराठी’ अशी शेपटे लावली. गुढीपाडव्यापासून गांडूळखतापर्यंत कोणत्याही विषयावर अशी शीर्षके आढळतात, आणि त्यांखाली पहिले दोन परिच्छेद बहुधा ‘या लेखात आपण काय पाहणार आहोत’ हे सांगण्यातच जातात.