ड्रायव्हिंग रेकॉर्ड पडताळणी

नोकरीत ज्याला गाडी चालवावी लागणार आहे, त्याचे लायसन्स खरे, चालू आणि योग्य वर्गाचे आहे का, त्याच्या नावावर वाहतूक गुन्हे, निलंबन किंवा अपघात नोंदले आहेत का, हे नेमणुकीपूर्वी शासकीय दप्तरातून पाहून घेण्याची पद्धत. ट्रक, बस आणि टॅक्सीचे चालक यात येतातच. स्वतःच्या मोटारीने गिऱ्हाइकांकडे फिरणारा विक्री प्रतिनिधी, घरोघर जाणारी परिचारिका, हत्यारे घेऊन दुरुस्तीला जाणारा तंत्रज्ञ आणि अधूनमधून बँकेत पाठवला जाणारा कारकून यांनाही ती तितकीच लागू पडते. प्रत्यक्षात तपासणीतून निसटतात ते हेच लोक, कारण त्यांच्या पदनामात ‘चालक’ हा शब्द नसतो. म्हणून पदांची यादी बाजूला ठेवून, कामासाठी स्टिअरिंगवर कोण कोण बसते, याची यादी आधी करावी लागते.

तपासणीमागचे मुख्य कारण भरपाईचे दायित्व. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या हलगर्जीपणाची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व भारत, ब्रिटन व अमेरिका या तिन्ही ठिकाणी मान्य आहे. अमेरिकेत त्याखेरीज मालकाच्या स्वतःच्या हलगर्जीपणाचाही दावा लावता येतो: चालक धोकादायक आहे हे ठाऊक असताना, किंवा साध्या चौकशीत कळण्याजोगे असताना, त्याला नेमले किंवा त्याच्या हाती गाडी दिली, असा. त्यामुळे रेकॉर्ड मागवून न वाचताच फाइलला लावणे हे न मागवण्याइतकेच घातक ठरते. मालकाला माहिती होती, याचा पुरावा त्याच्याच कपाटात सापडतो.

अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत लायसन्स राज्ये देतात आणि रेकॉर्डही राज्येच ठेवतात. रेकॉर्डच्या उताऱ्याला ‘एमव्हीआर’ (मोटर व्हेइकल रेकॉर्ड) म्हणतात. त्यात लायसन्सचा वर्ग, मुदत, अटी (उदा. चष्मा लावणे), दोषसिद्ध झालेले वाहतूक गुन्हे, गुण (गुन्ह्यांबद्दल चालकाच्या नावावर चढणारे दंडगुण), निलंबन व रद्दीकरण असते. अपघात कोणते दाखवायचे हे राज्यागणिक बदलते. साधारणपणे ३ वर्षांचा उतारा मिळतो. काही राज्ये त्याहून लांब मुदतीचाही देतात. गुणपद्धती राज्यागणिक वेगळी असल्याने दोन राज्यांतील उमेदवारांच्या गुणांची थेट तुलना करणे चुकीचे आहे. गुणांऐवजी गुन्हे मोजावेत.

रेकॉर्ड कोणाला द्यायचे, यावर १९९४ च्या चालक गोपनीयता कायद्याचे बंधन आहे. खासगी तपासणी संस्थेमार्फत उतारा घेतला, तर १९७० चा पत अहवाल कायदाही लागू होतो. त्यानुसार उमेदवाराला स्वतंत्र कागदावर सूचना देऊन लेखी संमती घ्यावी लागते. ही सूचना नोकरीच्या अर्जात कुठेतरी घुसडणे ही नेहमीची चूक, आणि तेवढ्यावरूनही खटले होतात. उताऱ्यामुळे नकार द्यायचा असेल तर आधी त्याची प्रत व हक्कांचा गोषवारा उमेदवाराला द्यायचा, चूक दाखवायला वाजवी वेळ द्यायचा आणि मगच अंतिम नकार कळवायचा. किती दिवस थांबायचे हे कायदा सांगत नाही. पाच कामाचे दिवस थांबण्याची रीत पडली आहे.

आंतरराज्य व्यापारातील अवजड वाहनांसाठी (१०,००१ पौंड, म्हणजे सुमारे ४,५३६ किलो एकूण वजनक्षमतेपासून पुढे) संघराज्याचे नियम कडक आहेत. गेल्या ३ वर्षांत चालकाने ज्या ज्या राज्याचे लायसन्स बाळगले, त्या प्रत्येक राज्याकडून रेकॉर्ड नोकरी सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत आणावे लागते. वाहतूक खात्याच्या नियमांखाली येणाऱ्या आधीच्या मालकांकडेही ३ वर्षांची सुरक्षाविषयक चौकशी करावी लागते. व्यावसायिक लायसन्स लागणाऱ्या चालकाच्या बाबतीत अमली पदार्थ व मद्य चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत शोध घेणे ६ जानेवारी २०२० पासून बंधनकारक आहे. चालकाने स्वतः ऑनलाइन संमती दिल्याशिवाय हा पूर्ण शोध होत नाही, आणि तो झाल्याशिवाय चालकाला गाडीवर पाठवता येत नाही. संमतीचा हा टप्पा शेवटच्या दिवसावर ढकलला की रुजू होण्याची तारीख हमखास चुकते.

ब्रिटन

येथे लायसन्सधारक सरकारी संकेतस्थळावरून एक तपासणी कोड काढून मालकाला देतो. कोड २१ दिवस चालतो. त्यासोबत लायसन्स क्रमांकाची शेवटची आठ अक्षरे टाकली की वर्ग, गुण व बंदी दिसते. गुणांचा कागदी जोडभाग ८ जून २०१५ पासून रद्द झाला असल्याने तो दाखवून काम भागत नाही, आणि नुसते कार्ड पाहून गुण कळत नाहीत.

भारत

भारतात मागणीनुसार मिळणारा, वर्षावर्षांचा गुन्हेवार उतारा अशी सोय रुळलेली नाही. पडताळणी तुकड्यातुकड्यांनी करावी लागते. लायसन्स क्रमांक व जन्मतारीख टाकून परिवहन खात्याच्या सारथी प्रणालीत नाव, वाहनवर्ग, मुदत व सद्यःस्थिती पाहता येते. लायसन्स क्रमांकावर चढलेली चलने ई-चलन संकेतस्थळावर शोधता येतात. मात्र कॅमेऱ्याने काढलेले चलन गाडीच्या नंबरावर पडते. गाडी दुसऱ्याची असेल तर ते गाडीमालकाच्या नावे राहते आणि चालकाची पाटी कोरीच दिसते. म्हणून आधीच्या नोकरीतील मालकाला फोन करून ‘चलने कोण भरत होते आणि किती?’ असे विचारणे येथे रेकॉर्डइतकेच उपयोगी पडते.

लायसन्सचा क्रमांकही बरेच सांगतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढचे दोन अंक आरटीओचे, नंतरचे चार लायसन्स दिल्याच्या वर्षाचे आणि शेवटचे सात अनुक्रमांकाचे. जन्मसाल १९९५ आणि क्रमांकात २००९ असेल, तर चौदाव्या वर्षी लायसन्स मिळाले असा अर्थ होतो. तिथेच थांबून चौकशी करावी. याउलट, प्रणालीत क्रमांक सापडला नाही म्हणून लायसन्स बनावट ठरत नाही. जुनी पुस्तकाच्या स्वरूपातील अनेक लायसन्स संगणकात चढलेलीच नाहीत. अशा उमेदवाराला मूळ आरटीओतून जुनी नोंद चढवून आणायला सांगावे.

कार्डावर खासगी आणि व्यावसायिक वाहनांची मुदत वेगवेगळी छापलेली असते. पडताळणी करणारा बहुधा लांबची तारीख पाहून मोकळा होतो. व्यावसायिक मुदत ५ वर्षांची असते आणि ती आधी संपते. ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या व्यावसायिक वाहनासाठी लायसन्सवर वेगळी व्यावसायिक नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले. त्यावरच्या वाहनांना ती सवलत नाही.

लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लायसन्स बनावट निघाले तर विमा कंपनी भरपाई मालकाकडून वसूल करायला पाहते. याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या लेहरू प्रकरणात व पुढेही मालकाला काहीसा दिलासा दिला: लायसन्स दिसायला खरे असेल आणि चालकाला गाडी नीट चालवता येते याची मालकाने खात्री करून घेतली असेल, तर प्रत्येक वेळी आरटीओत जाऊन शहानिशा करण्याची अपेक्षा नाही. हे निकाल घरबसल्या पडताळणीची सोय रुळण्यापूर्वीचे आहेत, हे ध्यानात घेऊन त्यांवर विसंबावे. शोधाच्या पानाची तारखेसह छापील प्रत आणि चाचणी फेरीचा सहीनिशी कागद फाइलमध्ये असलेला बरा.

उतारा वाचताना

प्रत्येक गुन्ह्यापुढे दोन तारखा असू शकतात: गुन्ह्याची आणि दोषसिद्धीची. मधे कित्येक महिने जातात. ‘गेल्या ३ वर्षांत’ हा निकष कोणत्या तारखेपासून मोजायचा, हे आधी ठरलेले नसेल तर एकाच उताऱ्यावर दोन अधिकारी दोन निर्णय देतात. ब्रिटनमध्ये नोंद किती काळ राहते हेही गुन्ह्यानुसार बदलते: वेगमर्यादा मोडल्याची एसपी३० ही नोंद गुन्ह्यापासून ४ वर्षे, तर दारू पिऊन गाडी चालवल्याची डीआर१० ही दोषसिद्धीपासून ११ वर्षे.

निलंबनाचे कारण वाचल्याशिवाय त्यावर शेरा मारू नये. अमेरिकेत अनेक राज्यांत मुलांच्या पोटगीची थकबाकी किंवा कोर्टात गैरहजेरी यांमुळेही लायसन्स निलंबित होते. त्याचा गाडी चालवण्याच्या कौशल्याशी संबंध नाही. निलंबनाच्या काळात गाडी चालवल्याची नोंद मात्र गंभीर समजतात.

कोरा उतारा म्हणजे चांगला चालक, हे गृहीतही कच्चे आहे. प्रलंबित खटले, ज्यांची खबर पोलिसांपर्यंत गेलीच नाही असे अपघात आणि दुसऱ्या देशातील इतिहास त्यात येत नाही. नुकतेच राज्य बदललेल्या माणसाचा नव्या राज्यातील उतारा जवळजवळ रिकामा असतो. जुन्या राज्याचा मागवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. नावाच्या स्पेलिंगमधला फरक, लग्नानंतर बदललेले आडनाव आणि जन्मतारखेतील उलटापालट यांमुळे भलत्याच माणसाची नोंद हाती येते. नकार देण्यापूर्वी उताऱ्यावरील क्रमांक कार्डावरील क्रमांकाशी एकेक अंक जुळवून पाहावा.

निकषांचे कोष्टक उमेदवार समोर येण्याआधी लेखी तयार ठेवतात आणि विमा कंपनीला दाखवून घेतात, कारण चालकाला विम्याखाली घ्यायचे की नाही हे शेवटी तीच ठरवते. सर्वसाधारण रीत अशी: दारू पिऊन चालवणे, अपघात करून पळून जाणे, बेदरकार चालवणे यांपैकी एकही नोंद ठरलेल्या मुदतीत असेल तर नकार, किरकोळ गुन्हे एक-दोन असतील तर चालवून घ्यायचे, त्यापुढे प्रशिक्षणाच्या अटीवर किंवा वरिष्ठांच्या मंजुरीने. सुटे गुन्हे मोजण्यापेक्षा त्यांची जात पाहिलेली बरी. सहा महिन्यांत तीनदा वेगमर्यादा मोडणारा आणि तीन वर्षांत चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल तीनदा दंड भरलेला, हे दोघे कोष्टकात एकाच रकान्यात पडत असतील तर कोष्टक सुधारावे.

पुन्हा तपासणी

नेमणुकीच्या दिवशीचे रेकॉर्ड त्या दिवसापुरतेच खरे असते. अमेरिकेत अवजड वाहनांच्या चालकाचे रेकॉर्ड दर १२ महिन्यांतून एकदा तरी तपासावे लागते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात चालकाच्या नोंदीत बदल होताच मालकाला सूचना जाते. जिथे अशी सोय नाही तिथे लायसन्स संपण्याच्या दोन महिने आधी आठवण येईल अशी नोंदवही ठेवतात आणि निलंबन झाल्यास चालकाने लगेच कळवावे, अशी अट नेमणूकपत्रात घालतात. अमेरिकेत अवजड वाहनांच्या चालकाची फाइल तो नोकरीत असेपर्यंत आणि नोकरी सुटल्यावर आणखी ३ वर्षे जपावी लागते. वर्षागणिक आलेले उतारे मात्र प्रत्येकी ३ वर्षांनी काढून टाकता येतात.